ग्रिनेल की कार्लटन: मी वेळापत्रक वाचून ठरवलं

अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशांचे निकाल मार्चच्या शेवटी लागतात आणि १ मेपर्यंत एका कॉलेजला होकार कळवायचा असतो. हातात जेमतेम महिना. अमेरिकेतली मुलं त्या महिन्यात कॉलेजांना जाऊन येतात, एखादी रात्र हॉस्टेलवर काढतात, वर्गात मागे बसून तास ऐकतात. परदेशातून अर्ज केलेल्यांना यातलं काही जमत नाही. चार वर्षं कुठे काढायची हे वेबसाइट, ईमेल आणि दोनचार व्हिडिओ कॉल यांच्या भरवशावर ठरवावं लागतं.

माझ्यासमोर आयोवातलं ग्रिनेल आणि मिनेसोटातलं कार्लटन होतं. मी ग्रिनेलला गेले, तिथे गणित आणि इतिहास असे दोन मेजर, म्हणजे पदवीचे मुख्य विषय, केले. अजूनही दर एप्रिलमध्ये ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो, "ताई, दोन्ही कॉलेजं सारखीच वाटतायत, तू कसं ठरवलंस?" कॉलेजांची नावं दर वेळी वेगळी असतात, प्रश्न तोच. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सारखीच वाटतात, कारण बऱ्याच अंशी ती सारखीच आहेत. ग्रिनेलची स्थापना १८४६ची, कार्लटनची १८६६ची. दोन्हींच्या मागे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी होती. ग्रिनेलमध्ये सतराशेच्या आसपास विद्यार्थी, कार्लटनमध्ये दोन हजारांच्या. एका प्राध्यापकामागे साधारण नऊ विद्यार्थी. दोन्ही लहान गावांत, गाव संपलं की मका आणि सोयाबीन. दोन्हीकडे फक्त पदवीचं शिक्षण. त्यामुळे प्राध्यापकांचा वेळ पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे जात नाही आणि प्रयोगशाळेत हाताशी पदवीचीच मुलं लागतात. असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या १९५८पासूनच्या गटातही दोन्ही आहेत. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायला गाडीने चारेक तास लागतात.

रँकिंग मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं. दोघांमध्ये काही क्रमांकांचा फरक होता, पुढच्या वर्षी तो बदलणार होता, आणि त्या क्रमांकावरून माझ्या दिवसात काय फरक पडणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नावाजलेल्या माजी विद्यार्थ्यांचंही तेच. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस आणि जॅझवाले हर्बी हॅनकॉक ग्रिनेलचे, अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन कार्लटनचे. वाचून छान वाटलं, पण त्यावरून कॉलेज कसं ठरवणार?

यातल्या नॉइस यांचा मात्र पैशांशी संबंध आहे, आणि पैशांचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा. इंटेलच्या अगदी सुरुवातीच्या भांडवलात ग्रिनेलने पैसे घातले होते. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे दीर्घकाळ तिथले विश्वस्त होते. मक्याच्या शेतांमधलं एक छोटं कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना एवढी मदत कसं देऊ शकतं, असं बाबांनी मला विचारलं होतं. त्यांना त्यात काहीतरी गोम वाटत होती. त्याचं बरंचसं उत्तर या इतिहासात आहे. पूर्वी गुंतवलेल्या पैशांच्या उत्पन्नावर कॉलेजचा मोठा खर्च चालतो.

दोन्ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत 'नीड-अवेअर' आहेत. म्हणजे प्रवेश देताना तुम्हाला किती मदत लागेल हे ती बघतात, पण एकदा घेतलं की कागदपत्रांवरून सिद्ध झालेली पूर्ण गरज भागवतात. याचा एक अर्थ फार कमी जण मनावर घेतात. प्रवेशाच्या वेळी ज्यांनी मदत मागितली नाही, त्यांना पुढे मागता येईल याची खात्री नसते. बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला ती मागताच येत नाही. 'पहिलं वर्ष आपण भरू, मग बघू' असा बेत असेल तर तो १ मेच्या आधी ईमेलवर विचारून घ्या आणि उत्तर लेखी मिळवा.

मदतीच्या दोन पत्रांची तुलना करायला मी एका कागदाचे दोन भाग केले. वर एकूण खर्च लिहिला: ट्यूशन (म्हणजे शिकवण्याची फी), राहणं, जेवण, फी, आरोग्य विमा, पुस्तकं, प्रवास. खाली फक्त परत न करायची मदत. कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीतून मिळू शकणारी रक्कम मी त्यात धरली नाही. कर्ज फेडावं लागतं आणि नोकरीचे पैसे काम केल्यावर, महिन्यांनी हातात येतात. पत्रात मात्र हे सगळं एकाच बेरजेत मांडलेलं असतं आणि ती बेरीज बघून डोळे दिपतात. माझ्या दोन पत्रांपैकी एकात बेरीज मोठी होती, पण वजाबाकी करून बघितल्यावर घरून भरायची रक्कम जवळजवळ सारखीच निघाली. आरोग्य विमा एकात धरला होता, दुसऱ्यात नव्हता. तेवढ्याने वर्षाचा हिशेब बराच हलतो.

मग कर. हा कुणी सांगत नाही म्हणून इथे थोडी थांबते. ट्यूशन आणि सक्तीची पुस्तकं यांपुरती मिळालेली मदत करमुक्त असते. राहण्या-जेवणासाठी मिळालेली मदत मात्र अमेरिकेचा करविभाग उत्पन्न धरतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याच्या त्या रकमेतून साधारणपणे १४ टक्के कापले जातात. समजा वर्षाच्या राहण्या-जेवणापैकी १६,००० डॉलर कॉलेज देत असेल, तर २,२४० डॉलर कर तुमच्या खात्यावर लागू शकतो, आणि मदतीच्या पत्रात तो बहुधा दिसत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना इथे एक दिलासा आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे आपल्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट, घेता येतं. बाकी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. त्यासाठी योग्य फॉर्म वेळेत भरायला हवेत आणि कॉलेजच्या लेखा विभागाला हा करार माहीत असायला हवा. दोन्ही कॉलेजांना मी एकच ओळ लिहिली: राहण्या-जेवणाच्या मदतीवरचा कर तुम्ही कधी आणि कसा कापता, आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी करारातली तरतूद कशी लावता? असा नेमका प्रश्न गेला की उत्तरही नेमकं येतं.

पैसे जवळजवळ सारखे निघाल्यावर बाबा म्हणाले, "मग आता फरक काय उरला?"

तेव्हा मी दोन्ही कॉलेजांची शैक्षणिक वेळापत्रकं छापून शेजारी शेजारी ठेवली. दोघांमधला खरा फरक मला तिथे सापडला.

ग्रिनेलमध्ये वर्षाची दोन सत्रं असतात, प्रत्येक साधारण चौदा आठवडे शिकवण्याचं, आणि एका वेळी चार विषय. कार्लटनमध्ये तीन टर्म, प्रत्येकी दहा आठवड्यांची, आणि एका वेळी तीन विषय. ऐकायला हा तपशील किरकोळ वाटतो. पण रोजच्या जगण्यावर याच्याएवढा परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही.

कार्लटनच्या बाजूने आधी बोलते, कारण ती बाजू भक्कम आहे. एका वेळी तीनच विषय, त्यामुळे डोकं कमी ठिकाणी विभागलं जातं. वर्षाला नऊ विषय होतात, ग्रिनेलला आठ. चार वर्षांत तीन-चार विषय जास्त घेता येतात, आणि ज्याला अजून काय आवडतं हेच कळलेलं नाही त्याला ते मोलाचे आहेत. एखादा विषय पटला नाही तर दहा आठवड्यांत त्यातून सुटका. प्राध्यापकांबरोबर एका टर्मसाठी दुसऱ्या देशात जाऊन शिकण्याचे तिथले कार्यक्रम भरपूर आणि नावाजलेले आहेत. आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला 'कॉम्प्स' करावाच लागतो, म्हणजे आपल्या मेजरमधलं एक मोठं काम तडीस न्यायचं. ग्रिनेलमध्ये असा प्रकल्प प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली करता येतो, पण तो सगळ्यांना सक्तीचा नसतो. ज्यांना कुणीतरी मागे लागलं की काम होतं, त्यांच्यासाठी कार्लटनची रचना जास्त चांगली आहे असं मी आजही सांगते.

आता दुसरी बाजू. दहा आठवड्यांच्या टर्ममध्ये पाचव्या आठवड्यात तुम्ही अर्ध्यावर आलेले असता. आठवडाभर ताप आला तर टर्मचा दहावा भाग गेला. नवीन देशात आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दोन-तीन आठवडे बँकेचं खातं, फोन, थंडीचे कपडे, नोकरी आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर आणि समोरचा काय बोलतोय ते कळणं यातच जातात. चौदा आठवड्यांतून ते तीन गेले तर सावरायला वाव राहतो. दहातून तीन गेले की लगेच मिडटर्म, म्हणजे टर्मच्या मधली परीक्षा, उभी असते.

माझ्या बाबतीत लिहिण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. परीक्षेत प्रश्नाचं उत्तर लिहायची मला सवय होती. एखादी बाजू घेऊन, पुरावे देत, समोरच्याचा आक्षेप स्वतःच मांडून त्याला उत्तर देणारा निबंध मी कधी लिहिला नव्हता. असं लिहिणं एका झटक्यात येत नाही. लिहायचं, त्यावर कुणीतरी लाल शाईने प्रश्न विचारायचे, परत लिहायचं. त्याला आठवडे लागतात. दोन्हीकडे पहिल्या सत्रात लेखनावर भर देणारा एक छोटा वर्ग सगळ्यांना असतो, ग्रिनेलमध्ये त्याला ट्यूटोरियल म्हणतात. पण ग्रिनेलच्या वर्गाला चौदा आठवडे होते, आणि ट्यूटोरियलचे प्राध्यापकच मेजर जाहीर करेपर्यंत तुमचे सल्लागार असतात. तुमचं लिखाण वाचून तुम्हाला ओळखणारा माणूसच पुढचे विषय निवडायला मदत करतो. ही रचना मला फार पटली होती, आणि अनुभवाने जास्तच पटली. माझ्या पहिल्या निबंधावर सरांनी समासात लिहिलं होतं, "सगळ्यांची मतं सांगितलीस, तुझं काय?" त्या एका प्रश्नावर आम्ही पुढचा महिनाभर बोलत होतो. पुढे विषय निवडताना मी फक्त गणिताचेच घेत होते, तेव्हा इतिहासाचा एक वर्ग घेऊन बघ असं त्यांनीच सुचवलं, कारण त्यांनी माझं लिखाण वाचलं होतं.

सक्तीच्या विषयांचा फरकही इथेच जोडून घ्या. ग्रिनेलमध्ये ट्यूटोरियल सोडलं तर सगळ्यांसाठी सक्तीचा विषय नाही. मेजरचे विषय पूर्ण करायचे, बाकी सल्लागाराशी बोलून ठरवायचं. कार्लटनमध्ये परदेशी भाषा, प्रयोगशाळेसह विज्ञान, आकडेवारीतून विचार, कला असे बरेच गट पुरे करावे लागतात, अगदी शारीरिक शिक्षणही. सक्ती नसली की मोकळं वाटतं, पण सल्लागार मनापासून लक्ष घालणारा नसेल तर चार वर्षं एकाच कोपऱ्यात जाऊ शकतात. ग्रिनेल निवडणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणते, सल्लागाराच्या दारावर जितक्या वेळा टकटक करता येईल तितक्या वेळा करा. तिथली मोकळीक त्याच भरवशावर उभी आहे.

वेळापत्रकात मला आणखी एक गोष्ट दिसली. ती कॉलेजच्या माहितीपत्रकात कुणी छापत नाही: कॉलेज बंद असतं ते आठवडे.

कार्लटनची पहिली टर्म सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते आणि नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंग या घरच्यांसोबत जेवायच्या सणाआधी संपते. पुढची टर्म जानेवारीच्या सुरुवातीला. मधे साधारण सहा आठवडे. ग्रिनेलला ऑक्टोबरमध्ये एक आठवडा, थँक्सगिव्हिंगचे काही दिवस, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत बऱ्याच पुढेपर्यंत मोठी सुट्टी, आणि मार्चमध्ये दोन आठवडे. जवळच्या राज्यात घर असलेल्या मुलाला सहा आठवड्यांची सुट्टी म्हणजे मजा. ज्याला विमानाचं तिकीट दर वर्षी परवडणार नाही त्याला ती सुट्टी कुठे काढायची हा प्रश्न आहे. हॉस्टेल उघडं असतं का? त्याचे वेगळे पैसे पडतात का? मेस चालू असते का? मेस बंद असेल तर स्वयंपाकघर वापरता येतं का, आणि किराणा आणायला गाडीशिवाय जाता येतं का? उणे तापमानात हा शेवटचा प्रश्न अजिबात किरकोळ नसतो.

दोन्हीकडच्या परदेशी विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारला, "गेल्या थँक्सगिव्हिंगला तुम्ही कुठे जेवलात?" कॉलेज कसं आहे असं विचारलं की सगळे 'छान आहे' म्हणतात. या प्रश्नावर मात्र माणसं थांबून, आठवून सांगतात. कार्लटनच्या एका मुलीने डेसी मोझेस हाऊसबद्दल लिहिलं. तिथे कुणीही जाऊन कुकीज भाजू शकतं, साहित्य आधीच भरलेलं असतं, एकच अट की नंतर भांडी घासून ठेवायची. वाचून मला फार बरं वाटलं आणि त्या दिवशी मी जवळजवळ कार्लटन ठरवूनच टाकलं होतं. ग्रिनेलच्या एका व्हिएतनामी मुलाने गावातल्या यजमान कुटुंबाबद्दल लिहिलं. परदेशी विद्यार्थ्यांना गावातलं एक कुटुंब जोडून देण्याची पद्धत तिथे आहे. राहायला जायचं नसतं, पण सणाला जेवायला, कधी बँकेत, कधी दातांच्या डॉक्टरकडे न्यायला कुणीतरी असतं. त्याने लिहिलं होतं की पहिल्या हिवाळ्यात त्याचे बूट त्या घरच्या आजींनी जाऊन आणले, कारण मोजे घालून कुठला नंबर घ्यायचा हे त्याला कळत नव्हतं. आईला हा ईमेल वाचून दाखवला तेव्हा तिने तो परत वाचायला लावला.

वेळापत्रकाचा व्हिसाशीही संबंध आहे. ग्रिनेल ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं, कार्लटन सप्टेंबरच्या मध्याला. उन्हाळ्यात व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखा मिळवायला जी ओढाताण होते त्यात हे जास्तीचे दोन-तीन आठवडे खरोखर उपयोगी पडू शकतात. मुलाखतीची तारीख उशिराची असेल तर कार्लटनच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. दुसऱ्या टोकाला मात्र उलटं होतं. ग्रिनेल मेच्या मध्यानंतर सुटतं, कार्लटन जूनमध्ये. उन्हाळ्यातल्या कित्येक इंटर्नशिप आणि संशोधनाचे कार्यक्रम मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. कार्लटनच्या विद्यार्थ्यांना बरेच ठिकाणी उशिरा रुजू होण्याची परवानगी मिळते, पण ती मागावी लागते.

काम आणि नोकरीबद्दल थोडक्यात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत त्याहून जास्त. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं आणि त्याआधी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. दोन्ही कॉलेजांत कामं आहेत. ग्रिनेलबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. मेसमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी २०१६मध्ये स्वतःची युनियन उभी केली आणि पुढे ती कॅम्पसवरच्या इतर विद्यार्थी-कामगारांपर्यंत पोचली. मी मेसमध्ये काम केलं आहे. पहाटेच्या पाळीत भांडी लावताना ज्यांच्याशी ओळख झाली, ती माणसं आजही माझी आहेत. आपल्या पगाराबद्दल बोलायला एक रीतसर जागा आहे, एवढी जाणीव अठरा वर्षांच्या, नव्या देशात आलेल्या मुलीला खूप बळ देते.

पदवीनंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीचं, म्हणजे ओपीटीचं, गणित मेजरवर ठरतं. कुठल्याही मेजरला १२ महिने मिळतात. सरकारच्या यादीतल्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मेजरला आणखी २४. मेजर स्टेम आहे की नाही हे त्याच्या नावावरून नव्हे तर सीआयपी या अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवरून ठरतं, आणि सगळ्यात मोठा गोंधळ अर्थशास्त्रात होतो. साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१, तो यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३, तो आहे. दोन कॉलेजांमध्ये अगदी त्याच विषयांचं अर्थशास्त्र शिकवत असतील, पण कोड वेगळे असतील तर एका विद्यार्थ्याला एक वर्ष मिळेल आणि दुसऱ्याला तीन. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्यायचा विचार असेल तर रजिस्ट्रारला नेमका कोड विचारा. मेजर दोन्हीकडे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो, तोपर्यंत व्हिसासाठी कॉलेज देतं त्या आय-२० फॉर्मवर बहुधा सर्वसाधारण लिबरल आर्ट्सचाच कोड असतो, म्हणून लोक हे विचारायचं पुढे ढकलतात. माझं गणित दोन्हीकडे स्टेममध्ये होतं, त्यामुळे मला यावरून निवड करावी लागली नाही.

गावाबद्दलही लिहायला हवं, कारण शहर जवळ असणं म्हणजे काय याची मला कल्पना नव्हती. कार्लटनचं नॉर्थफील्ड मिनिअ‍ॅपोलिसच्या दक्षिणेला चाळीसेक मैलांवर आहे. मोठा विमानतळ जवळ, आणि कॅनन नदीच्या पलीकडे सेंट ओलाफ हे दुसरं कॉलेज, म्हणजे गावात तरुण मुलं दुप्पट. दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीने १८७६मध्ये तिथली बँक लुटायचा प्रयत्न केला आणि गावकऱ्यांनी तो उधळून लावला. गावाला त्याचा अजूनही अभिमान आहे. कॉलेजला लागून शेकडो एकरांचं आर्बोरेटम, म्हणजे वृक्षोद्यान, आहे. ग्रिनेल गाव त्याहून लहान, डे मॉइन शहर गाडीने तासाभरावर, विमानतळ छोटा. कॅम्पसमधून रेल्वेचे रूळ जातात आणि मालगाडी आली की वर्गाला निघालेली सगळी मुलं वाट बघत उभी राहतात. गावात वास्तुकार लुई सलिव्हनने बांधलेली १९१४ची बँकेची इमारत आहे, तिच्या दर्शनी भागावरची ती गोल खिडकी बघायला लांबून लोक येतात. ज्यांना शनिवारी शहरात जायचं असतं त्यांनी ग्रिनेलचा विचार दोनदा करावा. मला लहान गाव मानवलं. सगळं कॅम्पसवरच घडत असल्याने कुणी शनिवार-रविवारी गायब होत नाही, आणि तिथे जवळपास पाचवा हिस्सा विद्यार्थी परदेशातले असल्याने सुट्टीतसुद्धा जेवणाच्या टेबलावर कुणी ना कुणी असायचंच. हा मुद्दा मी ठरवताना जेवढा धरला होता त्याहून जास्त महत्त्वाचा निघाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना फोनवर सांगितलं, "बाबा, मला सावकाश शिकायचं आहे. चौदा आठवडे हवेत." त्यांनी विचारलं, "आणि तिथे कंटाळलीस तर?" मी म्हटलं, यजमान कुटुंब आहे, सल्लागार आहेत, मेसमध्ये काम आहे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "बरं. मग तेच कर." आईने फक्त बुटांची आठवण करून दिली.

हे उत्तर माझं आहे. माझ्याच ओळखीतली एक मुलगी दोन वर्षांनी याच दोन कॉलेजांपाशी अडली होती. तिने कार्लटन घेतलं. ती वेगाने वाचते, वेगाने लिहिते, आणि तिला भूगर्भशास्त्र, चिनी भाषा आणि संगणक हे तिन्ही करून बघायचे होते. दहा आठवड्यांची टर्म तिला अगदी चपखल बसली. दोघींनी तेच दोन कागद शेजारी ठेवले होते, उत्तरं उलटी आली आणि दोघींची बरोबर होती. तुमच्यासमोर मॅकलेस्टर आणि ओबरलिन असतील, किंवा आणखी कुठली जोडी असेल, तरी वेळापत्रकं छापून शेजारी ठेवा. त्यात स्वतःचं वर्ष भरून बघा: पहिला निबंध कुठल्या आठवड्यात येईल, आजारी पडले तर काय, डिसेंबर कुठे, उन्हाळा कधी सुरू.

ठरल्यावर करायची दोन कामं. होकाराचं डिपॉझिट एकाच कॉलेजला भरा. दोन ठिकाणी भरून ठेवणं नियमाला धरून नाही आणि ते कळलं तर दोन्ही जागा जाऊ शकतात. मदतीवर जाणाऱ्यांना डिपॉझिट माफ किंवा पुढे ढकलून मिळू शकतं, विचारायला संकोच करू नका. आणि दुसऱ्या कॉलेजला नकार त्याच दिवशी कळवा. वेटलिस्टवर कुणीतरी थांबलेलं असतं, कदाचित आपल्यासारखंच परदेशातून आणि मदतीच्या आशेवर. तुमची जागा आणि तुमच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोकळे झाले तर त्या मुलाला उत्तर लवकर मिळू शकतं, आणि व्हिसासाठी त्याच्याही हातात थोडे जास्त दिवस राहतात.